गिरणीचा सा

अप्पा अंगठा वर करायचे. नवं गिऱ्हाईक दुकानाच्या दारात पाण्याची जळकी मोटर ठेवून विचारायचं, "अप्पा, उद्यापर्यंत होईल का?" अप्पा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत डाव्या हाताचा अंगठा वर करायचे. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. दुसऱ्या दिवशी येऊन बघावं, तर मोटर जिथं ठेवली तिथंच, वर एक मांजर बसलेलं.

"काल तर अंगठा केलाव की तुम्ही!"

"अंगठा म्हंजे थांबा. मोजायलो होतो मी."

मोटर भरणाऱ्याला तांब्याच्या तारेचे वेढे मोजावे लागतात. मध्ये कुणी बोललं की आकडा गेला, आणि आकडा गेला की सगळी तार उलटी सोडायची. गल्लीतल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. नव्या माणसाला नसायचं, आणि अप्पांना ते त्याला सांगायची घाई नसायची. तसे ते सगळ्यांनाच विचारायचे, "घाई हाय का?" पण उत्तर ऐकायला कधी थांबल्याचं मी पाहिलं नाही.

लातूरच्या त्या गल्लीत मी वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. खाली एकच पत्र्याचं शेड, मधोमध पत्रा ठोकून दोन भाग केलेले. अलीकडं अप्पांचं मोटर भरायचं दुकान, पलीकडं त्यांच्या बायकोची पिठाची गिरणी. त्यांना सगळे अक्का म्हणायचे. मी जवळच्या एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायची. बी.एस्सी., पहिला वर्ग. लोहा तालुक्यातल्या आमच्या घरात पहिली पदवी माझी. तुम्ही विचारलं नाही हे मला कळतं, पण मी सांगतेच. माझे वडील अजून कुठल्याही कागदावर अंगठा उठवतात, आणि मी त्या अंगठ्याच्या शेजारी इंग्रजीत सही करते.

गिटार माझ्याकडं कशी आली तेही सांगते. क्लासमधल्या एका मुलीच्या वडिलांनी ती जप्त करून माझ्या ताब्यात दिली होती. "रँक आली की द्या हिला." रँक काही आली नाही. मुलगी दुसरंच काहीतरी शिकायला पुण्याला गेली आणि जाताना म्हणाली, "ठेवून घ्या मॅडम, तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय." मग मी मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकायला लागले. सहाही तारांवरून खर्र खर्र हात फिरवायचा आणि वर गायचं. आठवडाभरानं जिन्यात अप्पा भेटले.

"म्याडम, वर पत्रा कापायला घेतलाव का?"

मी म्हटलं, "गिटार आहे अप्पा."

"गिटार मला बी ठाऊक हाय. ते जे चाललंय ते काय हाय, ते विचारायलो."

मला राग आला. सातवीतून शाळा सोडलेला माणूस मला सांगणार! तेवढ्यात त्यांनी दुकानात जाऊन खुंटीवरून आपली गिटार काढली, आणि मला पहिल्यांदा कळलं की खालून जे ऐकू यायचं ते रेडिओ नव्हतं.

ती गिटार बघण्यासारखी होती. कुठल्याशा ऑर्केस्ट्रावाल्यानं पंख्याच्या मोटरीच्या बदल्यात टाकून दिलेली. पोट फुटलेलं. अप्पांनी ते मोटरीच्या सुती पट्टीनं बांधलं होतं आणि वरून मोटरीचंच वार्निश ओतलं होतं, त्यामुळं गिटारीला कायम जळक्या कॉइलचा वास यायचा. एकदा तार तुटली तर त्यांनी तिथं तांब्याची तार लावून पाहिली होती. अर्ध्या गाण्यात तुटली. "तांब्याला सूर कळतो," ते म्हणायचे, "ताण कळत न्हाई."

पण वाजवायला लागले की तुम्ही डोळे मिटून सांगितलं असतं, दोन माणसं बसलीत. एक खाली टुंग टुंग करतोय, एक वर गातोय. मी डोळे उघडून पाहिलं. माणूस एकच.

"गोंधळ बघितलाव का कधी?" अप्पांनी विचारलं. "एक जण गोष्ट सांगतो, नाचतो, रडतो. मागं एक जण तुणतुणं धरून उभा. त्येला गोष्टीशी घेणं न्हाई, टुंग टुंग करायचं, बस. आता तुमच्या एका हातात ही दोन्ही माणसं हायती. अंगठा तुणतुणंवाला. बोटं गोंधळी. तुम्ही काय करायलाव, दोघांना बी एकदमच नाचवायलाव."

एवढं सोपं मला कुठल्या व्हिडिओवाल्यानं सांगितलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवसापासून क्लास सुटला की खाली जायला लागले.

तीन महिने नुसता अंगठा. पाचवी तार, चौथी तार, पाचवी, चौथी. बोटांना मनाई. अंगठा चालू ठेवून सतराचा पाढा म्हणायचा. अंगठा चालू ठेवून पेपर मोठ्यानं वाचायचा. गिऱ्हाईक आलं तर अंगठा चालू ठेवून त्याला मोटर कुठं ठेवायची ते सांगायचं. त्याच दिवसांत माझ्या आईचा गावाहून रोज फोन यायचा, स्थळासाठी. मी गिटार खाली ठेवायला गेले की अप्पा डोळे वटारायचे.

"बोला की. अंगठा कशाला थांबवायलाव?"

फोन खांद्यात धरून मी आईशी भांडायची. मुलगा हिमायतनगरचा, बागायतदार, शिकलेली बायको चालते पण नोकरी नको. "नको म्हटलं ना आई!" असं मी ओरडले आणि अंगठा चुकला.

"अंगठा झोपला!" अप्पा ओरडले.

"कोण झोपलंय गं तिथं?" आईनं फोनमधून विचारलं. ते निस्तरणं मला दिवाळीपर्यंत पुरलं.

आता गिरणीचं सांगते. अप्पा गिटार लावायचे ती गिरणीवर. पलीकडं अक्कांनी बटण दाबलं की दाणे वर टाकायच्या आधी मोटर क्षणभर नुसती घुमायची, म्म्म्म अशी. तो अप्पांचा सा. पाचवी तार तिला मिळवायची, बाकीच्या पाचवीला. मी मोबाइलमध्ये सूर मोजायचं ॲप काढून तो सा तपासला. काटा दोन सुरांच्या मध्येच लोंबकळायला लागला.

मी म्हटलं, "अप्पा, हा सूर कुठल्याच पट्टीत बसत नाही. असा सूर नसतोच."

"नसतो कसा? रोज दळण दळतोय की."

मी ॲप बंद केलं.

सगळ्या जगाला बसवून ऐकवणाऱ्या ह्या माणसाची एकच तक्रार होती. अक्कांनी त्यांचं वाजवणं कधी ऐकलं नव्हतं. इकडं अप्पांनी गिटार मांडीवर घेतली की तिकडं गिरणी सुरू व्हायची. "एकदा गिरणी बंद ठेवून ऐक," हे अप्पांचं मागणं अकरा वर्षं चाललं होतं आणि पत्र्यापलीकडून ठरलेलं उत्तर यायचं, "तुमच्या टुणटुणीपायी लोकांच्या भाकरी थांबवू का?"

बाई उंच, कपाळावर विभूती, भुवयांवर पीठ. बोलणं कमी, आणि जे असेल ते टोमण्यात. पण गिऱ्हाईक नसलं की गिरणीच्या आवाजात त्या एक पाळणा म्हणायच्या. चाकूरकडच्या त्यांच्या आईचा. चारचौघात कधी म्हणायच्या नाहीत, माझ्या घशात पीठ बसलंय म्हणायच्या. मला तो वरच्या खिडकीतून तुकड्यातुकड्यानं ऐकू यायचा. फार गोड चाल होती, आणि तिसऱ्या कडव्यात बाळाच्या आत्याला एक असा चिमटा होता की मी एकटीच खिडकीत हसायची.

एक दिवस अप्पांनी मला जवळ बोलावलं, पत्र्याकडं बघत आवाज खाली केला, आणि वाजवून दाखवलं. तोच पाळणा. पहिली दोन कडवी.

"अक्कांनी शिकवला?"

"ती कशाला शिकवती? चोरला."

मग त्यांनी चोरीची रीत सांगितली. सुरुवातीला काय व्हायचं, अक्का गायला लागल्या की अप्पा वाजवणं थांबवून कान लावायचे. इकडं टुणटुण थांबली की तिकडं गाणं थांबायचं. "काय हो, काय ऐकायलाव?" म्हणून वर विचारायच्या. गाणं गेलं ते महिनाभर यायचं नाही. म्हणून अप्पांनी अंगठ्याला असं तयार केलं की मन पत्र्यापलीकडं गेलं तरी अंगठा इकडं टुंग टुंग करत राहील. अंगठा पहाऱ्यावर आणि कान चोरीवर.

"आता कळलं का, अंगठा झोपला की का वरडतो मी? अंगठा झोपला की गाणं गेलं."

तीन महिने मी ज्याला संगीताचं शास्त्र समजत होते ती ही भानगड होती. मी म्हटलं, "मग आता सरळ त्यांना वाजवून दाखवा ना."

अप्पा तार पुसल्यासारखं करत म्हणाले, "तिच्या आईचं हाय ते. दुसरं काही मागं ठेवलं न्हाई म्हातारीनं. न इचारता घेतलंय. चिडली तर पाळणा बी बंद होईल, म्याडम. मग मी पत्र्याला कान लावून काय ऐकू, ज्वारी?"

त्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीला मुलगी झाली. मुलगी नांदेडला नोकरीला, दवाखाना तिथलाच, म्हणून बाळंतपण तिथंच केलं. अक्का पंधरा दिवस आधी नांदेडला गेल्या आणि गिरणी अप्पांच्या हाती आली. मोटर घुमायला लागली की हे गिटार काढायचे आणि दाण्यांकडं बघायचंच राहायचं. बायका पिठात हात घालून विचारायच्या, "अप्पा, हा रवा हाय का मुरूम?"

"खाऊन बघा की. घाई हाय का?"

मुलीचा फोन आला, बारशाला आई पाळणा म्हणणार आहे, बाबा तुम्ही गिटार आणा. मागून अक्कांचा आवाज मला सुद्धा ऐकू आला. "बायकांच्यात बाप्या माणसाचं काय काम? आन त्येंना कुठं येतोय माझा पाळणा?"

अप्पांनी फोन ठेवला. "म्याडम," ते म्हणाले, "तुम्ही चला संगं."

बारशाच्या दिवशी निघण्याआधी त्यांनी गिरणी सुरू करून गिटार नीट लावली. मग गिटार चादरीत गुंडाळून बसमध्ये मांडीवर घेतली. कंडक्टर म्हणाला, "अप्पा, लेकरू आहे का?" अप्पा म्हणाले, "पाळणा हाय." चाकूर, अहमदपूर, लोहा. ऊन असं, की खिडकीच्या दांड्याला हात लावता येत नव्हता. अहमदपूरला एक बाई कांद्याचं पोतं घेऊन चढली आणि ते पोतं गिटारीवर कललं. नांदेडला उतरून चादर सोडली तर खुंट्या फिरलेल्या, सगळ्या तारा ढिल्या.

मुलीच्या घरी पोचलो तर लाइट गेलेली. पंखा नाही, कूलर नाही, गल्लीत एक मोटर चालू नाही. आत बायका जमलेल्या, घुगऱ्यांचा वास सुटलेला, आणि अप्पा जिन्यात गिटार धरून माझ्याकडं बघत उभे.

"सा कुठून आणू आता?"

इथं मी जे केलं ते सांगायला मला आवडत नाही. मी मोबाइल काढला, ॲप उघडलं, आणि दहा मिनिटांत सहाही तारा काट्यावर आणल्या. चुकीच्या गिरणीवर अकरा वर्षं काढलेल्या माणसाची गिटार एकदा तरी शास्त्रानं लागली, असं मला खरोखर वाटलं.

अप्पांनी तार छेडली. "जरा खालीच वाटायलंय, म्याडम."

"अप्पा, हा सूर जगभर चालतो."

"जगभर चालत असंल. आमच्या घरात चालंल का?"

आत पाळणा सजवला होता. अप्पा दाराजवळ कोपऱ्यात चटईवर बसले. बायकांनी आग्रह केला, अक्कांनी दोनदा नको नको म्हटलं आणि सुरू केलं. पहिली ओळ झाली. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं, आणि दुसऱ्या ओळीला वाजवायला घेतलं.

काय झालं असेल ते तुम्ही ओळखलं असेल. वीस वर्षं त्या बाईनं गिरणीच्या घुमण्यावर गायलं होतं. तो सा त्यांच्या घशात पिठासारखाच बसला होता. अक्का आपल्या सुरात, गिटार माझ्या ॲपच्या सुरात, दोन्हींमध्ये बोटभर अंतर. अंतर जास्त असतं तर चाललं असतं. बोटभर अंतर फार वाईट वाजतं. बायका तोंडाला पदर लावून खिदळायला लागल्या. मुलीची सासू म्हणाली, "अप्पा, मोटर जळली का हो?"

अप्पांनी तारांवर पालथा हात ठेवला. मी त्या माणसाला इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. चोरी पकडली गेली होती, आणि चोरीचा मालही खराब निघाला होता.

अक्काही थांबल्या. त्यांनी अप्पांकडं पाहिलं, मग गिटारीकडं.

"तार कुणी उतरवली ही?"

मी म्हटलं, "मी. ॲपवर लावली."

"ॲप दळण दळतंय का?"

मी मान खाली घातली. अक्का उठल्या, चटईजवळ येऊन बसल्या, आणि तोंड मिटून त्यांनी आवाज काढला. म्म्म्म. डोळे मिटून ऐकला असता तर तुम्ही म्हणाला असता, लाइट आली. अप्पांनी खुंटी पिळली. अक्का घुमतच होत्या. तार हळूहळू वर सरकली आणि एका जागी दोन्ही आवाज एक झाले.

"हं. बस. आता बाकीच्या." बाकीच्या पाच तारा लागेपर्यंत अक्कांनी कुणाला हलू दिलं नाही. घुगऱ्या गार झाल्या. मग त्या म्हणाल्या, "पहिल्यापासून घ्या. आन तिसऱ्या कडव्याला ध्यान ठेवा. तिथं दर बारीला तुमचा अंगठा झोपतोय."

अप्पांचं तोंड उघडंच राहिलं. "तुला कसं ठाऊक?"

"पत्रा काय एकाच बाजूनं असतोय का?"

पाळणा पूर्ण झाला. सगळी कडवी. तिसऱ्याला आत्याबाई लाजली, आणि अप्पांचा अंगठा झोपला नाही. बाळ मात्र पहिल्या ओळीपासून जे रडायला लागलं ते नाव ठेवेपर्यंत थांबलं नाही. ते कुणी मनावर घेतलं नाही.

परत येताना बसमध्ये अप्पांनी गिटार पुन्हा चादरीत मांडीवर घेतली. मग म्हणाले, "गिरणी बंद होती का न्हाई?"

"बंद होती."

"आन ऐकलं का न्हाई?"

"ऐकलं."

"झालं तर." लोहा आलं. माझं गाव तिथून चार कोसांवर, पण मी उतरले नाही. अप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. थोड्या वेळानं जरा हिरमुसल्यासारखे म्हणाले, "म्हंजे म्याडम, चोरी झालीच न्हाई म्हणा. तिनं दिलंच की ते. मी उगाच अकरा वर्षं चोरट्यासारखा बसलो."

अप्पा गेले त्याला आता दीड वर्ष होईल. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. ज्या माणसाला जन्मभर कशाची घाई नव्हती, त्यानं हे एक काम असं घाईनं उरकलं. ते शेड दुसऱ्यांनी घेतलं, मधला पत्रा काढला, आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. अक्का मुलीकडं नांदेडला गेल्या. तिथं त्यांना करमेना, म्हणून जावयानं पुढच्या खोलीत गिरणी टाकून दिली.

मागच्या महिन्यात गावाकडं गेले होते, तिथून पुढं नांदेडला त्यांच्याकडं गेले. सकाळची वेळ होती. गिरणीच्या मागच्या भिंतीवर अप्पांची गिटार टांगलेली, पोटावर सुती पट्टी, पट्टीवर पीठ. एक बाई ज्वारीचा डबा घेऊन उभी होती. अक्कांनी मला बसायला सांगितलं आणि बटण दाबलं. मोटर घुमायला लागली. म्म्म्म. अक्कांनी ज्वारीचा डबा उचलला, पण दाणे टाकले नाहीत. तशाच उभ्या राहिल्या, भिंतीकडं कान करून.

"हिकडं ये," त्या मला म्हणाल्या. "कान लाव."

मी गिटारीच्या पोटाला कान लावला. आत पाचवी तार वाजत होती. कुणी हात न लावता, बारीक, मोटरीच्या सुरात. डोळ्यांनीही दिसत होतं, तार पुसट झाली होती. याला अनुनाद म्हणतात. मी हे दरवर्षी साठ-सत्तर पोरांना फळ्यावर काढून शिकवते. त्या दिवशी मी कान तसाच लावून ठेवला.

"उतरली की गप बसतंय," अक्का म्हणाल्या. "मग मी पिळते. गिरणीवर लावते. दुसऱ्या कशावर लागतच न्हाई ते."

ज्वारीवाली बाई कंटाळली. "अक्का, टाका की दाणे. होईल ना लवकर?"

अक्कांनी तिच्याकडं न बघता अंगठा वर केला.

बाई खूश झाली. मी तिला हळूच सांगितलं, "'हो' म्हणाल्या नाहीत. थांबा म्हणायल्यात."